मुंबई ते लंडन : एक वीत आणि तेहेतीस तास

कोणतेही गाव किती दूर आहे असे विचारले असता आपल्याकडील माणसे कोसांत किंवा मैलांत क्वचितच उत्तर देतात. आमचे आजोबा बेळगाव "एका रात्रीवर आहे" असे म्हणत. बैलगाडी संध्याकाळी जुंपली की पहाटे बाजारात पोहोचत असे, म्हणून तो हिशेब होता. पुढे एस. टी. आली आणि तेच बेळगाव "दीड तासावर" आले. आज आमच्या खानापूर तालुक्यातील एखाद्या शाळकरी मुलास लंडन किती दूर असे विचारले, तर तोही अडखळल्यावाचून "नऊ तास" असे सांगून मोकळा होतो. या "नऊ तास" शब्दांनी आमच्या घरात सहा महिने अबोला धरविला होता. तो कसा धरला गेला आणि कसा सुटला, ते सांगण्यासाठी हा प्रवासलेख आम्ही लिहीत आहोत.

आमच्या मातोश्रींचा विमानावर फार विश्वास होता. १९६४ साली मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या व बेळगावच्या नातलगांसमवेत रेल्वेने मुंबईस गेल्या होत्या. त्या वर्षीच्या २ डिसेंबरला पोप सहावे पॉल एअर इंडियाच्या बोइंग जेट विमानाने रोमहून निघाले, वाटेत बैरूतला थांबले आणि त्याच दिवशी मुंबईस उतरले. त्यांच्या दर्शनासाठी जमलेल्या अफाट गर्दीत आमची आई होती. "सकाळी रोममध्ये असलेला माणूस त्याच दिवशी आमच्या डोळ्यांसमोर!" हे वाक्य आम्ही लहानपणापासून शेकडो वेळा ऐकले असेल. म्हणूनच आमचे धाकटे बंधू २०१६ साली नोकरीनिमित्त इंग्लंडला जावयास निघाले, तेव्हा सर्वांच्या डोळ्यांत पाणी होते, पण आई शांत होती. "विमान आहे ना? मग काय, बोलावलं की एका दिवसात येईल," असे म्हणून तिने त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली.

२०२२ च्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी पहाटे चार वाजता, आई देवाघरी गेली. सव्वाचार वाजता आम्ही बंधूंना फोन लावला. घंटा वाजत राहिली, पण कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. झोपला असेल, असे आम्ही धरून चाललो. दुपारी सव्वाबारा वाजता त्यांचाच फोन आला. रडण्याने त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आम्ही म्हणालो, "लगेच नीघ. नऊ तासांचा तर प्रवास. उद्या सकाळपर्यंत पोहोचशील." ते एवढेच म्हणाले, "येतो, दादा."

या दोन शब्दांवर आम्ही सर्व व्यवस्था बेतली. दफनविधी बुधवारी सकाळी दहाला ठरला. दहा वाजले, बंधू आले नाहीत. फादरांना विनंती करून तो चारवर नेला. आमच्या खेड्यात मृतदेह ठेवण्याची सोय नाही. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, त्या वितळून गेल्या. आयाबाया जपमाळेवर जपमाळ म्हणत बसल्या होत्या. चार वाजता फादरांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही मान डोलावली. आईला माती दिली. रात्री नऊ वाजता जीप अंगणात आली. बंधू उतरले तेव्हा आम्ही उंबऱ्यात उभे होतो. त्यांना पोटाशी धरण्याऐवजी आमच्या तोंडून निघाले, "नऊ तासांचा प्रवास, आणि तू दोन दिवसांनी येतोस?"

त्यांनी उत्तर दिले नाही. हातातील पिशवी ओसरीवर ठेवली, विजेरी मागून घेतली आणि ते एकटेच दफनभूमीकडे चालू लागले. सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर ते परत गेले. त्यानंतर नाताळास एक फोन आला, तोही आमच्या पत्नीशी बोलून संपला.

२०२३ च्या मार्चमध्ये त्यांचे पत्र आले. त्यांच्या कन्येचा प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार मे महिन्यात होता. "दादा व वहिनी यांनी यावे, तिकिटे मी काढतो," एवढाच मजकूर होता. आमचे मन तयार नव्हते. पण पत्नी म्हणाली, "मुलीनं काय केलंय? आणि सासूबाई असत्या तर पहिल्या विमानात बसल्या असत्या." यापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. पासपोर्ट, व्हिसा, बोटांचे ठसे, बँकेचे कागद यांत दीड-दोन महिने गेले. केवळ कागद जमविण्यातच आम्ही तीन वेळा बेळगावास आणि एकदा दूरच्या शहरात जाऊन आलो. "नऊ तासांच्या" प्रवासाची ही पहिली ओळख होती.

मे महिन्यातील एका सोमवारी सायंकाळी साडेपाच वाजता आम्ही उभयता घरातून निघालो. जीपने बेळगाव, तेथून रात्रीच्या बसने मुंबई. मंगळवारी सकाळी सात वाजता मुंबईत उतरलो आणि आठ वाजता सहारच्या विमानतळावर पोहोचलो. सहार हे मुळात ईस्ट इंडियन कॅथोलिकांचे जुने गाव. त्याच्या कुशीत आज देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक उभा आहे. त्याची नवी इमारत २०१४ साली सुरू झाली. आत शिरल्यावर सामान देणे, पासपोर्टवर शिक्का, अंगझडती, मग लांबच लांब चालणे, मग बसून राहणे. विमान एकचे होते, ते जमिनीवरून उठले एक वाजून पस्तीस मिनिटांनी. घर सोडून वीस तास झाले होते आणि लंडनच्या वाटेवर आमचे एक पाऊलही पडले नव्हते.

आमच्या शेजारच्या आसनावर सासष्टीचे एक वृद्ध गृहस्थ होते. सारा जन्म जहाजांवर काढून, मार्ग आखणारे अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले होते. पुढच्या आसनाच्या पाठीवरील छोट्या पडद्यावर नकाशा व त्यावर सरकणारे विमान दिसत होते. ते वर, उत्तरेकडे चाललेले पाहून आम्हांस नवल वाटले. लंडन तर पश्चिमेस आहे, मग हा वळसा कशासाठी? तेव्हा त्या गृहस्थांनी समजावून सांगितले की हा वळसा नसून हीच सरळ वाट आहे. पृथ्वी गोल आहे. तिचा नकाशा कागदावर सपाट करताना उत्तरेकडील देश ताणले जातात, त्यामुळे कागदावरची सरळ रेघ पृथ्वीवर सरळ राहत नाही. गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जेथून जातो, ती सर्वांत जवळची वाट. असा दोरा मुंबई व लंडन यांमध्ये ताणला तर त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. विमानवाले व दर्यावर्दी हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा, म्हणून हे अंतर सुमारे ३,८९० सागरी मैल होते. दोऱ्याचा बरोबर मध्य कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी हिच्या आसपास पडतो. मुंबई-लंडनच्या निम्म्या वाटेवर तिबिलिसी असेल, हे कागदी नकाशा पाहून कोणास सुचले असते?

"पण विमान दोऱ्यावरून जात नाही," असे सांगून त्यांनी पुढे पडद्यावर बोट ठेवले. तो दोरा काळा समुद्र ओलांडून युक्रेनवरून जातो, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटल्यावर युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांस बंद झाले. म्हणून आमचे विमान अरबी समुद्र, मकरानचा किनारा, इराण, तुर्कस्तान, रुमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी व बेल्जम असे दक्षिणेकडून चालले होते. २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा हिंदुस्थानातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना लांबचा फेरा पडला होता. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या विमानांना ते आकाश पुन्हा बंद झाले. दोन विमानतळ जागच्या जागी असतात, त्यांच्यामधील किलोमीटरही बदलत नाहीत, तरी माणसांची भांडणे आकाशातील वाट लांबवितात. हे ऐकताना आमच्या मनात काहीतरी खुपले, पण आम्ही ते तेव्हा बोलून दाखविले नाही.

मग वाऱ्याची गोष्ट निघाली. आमचे विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून चालले होते. बाहेर शून्याखाली पन्नास अंशांची थंडी असल्याचे पडद्यावर दिसत होते. एवढ्या उंचीवर आपल्या उत्तरेकडील अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना वारा तोंडावर येतो व येताना पाठीवर. जाण्यास साडेनऊ-दहा तास धरतात, तर येण्यास साडेआठ-नऊ. ताशी नऊशे किलोमीटरांच्या वेगाने नुसता भागाकार केला तर आठ तास येतात, परंतु धावपट्टीवर रांगेत थांबणे, वर चढणे, वळसे, वारा आणि उतरण्यापूर्वी घिरट्या यांचा वेळ त्यात धरावा लागतो. आमच्या पत्नीने एक शंका काढली, "पृथ्वी फिरतेच आहे, तर विमान वरच थांबून राहिलं तर लंडन आपोआप खाली येणार नाही का?" वृद्ध गृहस्थ मनमुराद हसले व म्हणाले, "बाई, पृथ्वी आपल्या अंगावरची हवाही बरोबर घेऊन फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. बैलगाडीत उडी मारली म्हणून गाडी पुढं निघून जाते का?"

सूर्याने मात्र आमची फार वेळ सोबत केली. दुपारी निघालेलो आम्ही पश्चिमेकडे धावत होतो आणि सूर्यही पश्चिमेकडेच. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, पण पन्नास अक्षांशावर तो वेग १,०७० च्या घरात येतो. आमचे विमान त्याच्याहून थोडेच मागे पडत होते. घड्याळात रात्रीचे दहा वाजले, जेवण झाले, तरी खिडकीत ऊन ते ऊनच. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर चाके टेकली तेव्हा आमच्या मनगटावर दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात सायंकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. उन्हाळ्यात तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते, हिवाळ्यात साडेपाच तासांनी.

हवेत सव्वानऊ तास गेले. पण प्रवास संपला नव्हता. पासपोर्टच्या रांगेत, सामानाच्या पट्ट्यापाशी आणि बसची वाट पाहण्यात दोन तास गेले. बंधू स्विंडन या गावी राहतात. लंडनच्या पश्चिमेस सुमारे १३० किलोमीटरांवरचे हे जुने रेल्वे-कारखान्याचे गाव. गोव्याहून गेलेल्या कॅथोलिक कुटुंबांची तेथे आज मोठी वस्ती आहे. बंधू आम्हांस घ्यावयास विमानतळावर आले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला, वहिनीच्या हातातील पेटी घेतली, आणि बसमध्ये आमच्या मागच्या आसनावर बसले. त्यांच्या घरात पाऊल टाकले तेव्हा तेथे रात्रीचे दहा, आणि आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजले होते. आम्ही बोटांवर मोजले. सोमवार सायंकाळी साडेपाच ते बुधवार पहाटे अडीच, बरोबर तेहेतीस तास. आणि आम्हांस कसलीही घाई नव्हती. तिकीट कित्येक दिवस आधी हातात होते, वाटेत कोणी मेलेले नव्हते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीने शाळेतील पृथ्वीचा गोल आणून टेबलावर ठेवला. विमानातील दोऱ्याची गोष्ट आम्ही तिला सांगितली, तेव्हा तिने आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणला व दोन शहरांमध्ये ताणला. सतरा सेंटिमीटर भरला. मग तिने आपला हात पसरला. अंगठा मुंबईवर, करंगळी लंडनवर. "काका, बघा, एक वीत!" ती म्हणाली. आठ वर्षांच्या मुलीच्या हाताची एक वीत. आमचे बंधू दारात उभे राहून पाहत होते. ते काही न बोलता आत निघून गेले.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात जाऊबाईंनी आमच्या पत्नीपुढे एक प्रार्थनापुस्तक उघडून ठेवले. त्यात विमानाच्या दोन तिकिटांचे तुकडे होते आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर बंधूंच्या अक्षरात वेळा लिहिल्या होत्या. "कुणाला दाखवायची नाही म्हणून सांगितलं होतं," जाऊबाई म्हणाल्या, "पण वहिनी, सहा महिने हा माणूस रात्रीचा उठून ती वाचत बसतो. कुठली वेळ वाचवता आली असती, ते शोधत."

पत्नीने ती चिठ्ठी आमच्या हातात दिली. तिच्यातील हिशेब असा होता. आम्ही पहाटे सव्वाचारला फोन लावला, तेव्हा स्विंडनमध्ये आदल्या रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. बंधू एका गोदामात रात्रपाळीस होते. पाळी दहाला सुरू होते आणि फोन कपाटात कुलूपबंद ठेवूनच आत जावे लागते. कपाट उघडले सकाळी सहा वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला. आई जाऊन साडेसात तास झाले होते आणि त्यांना ते ठाऊकच नव्हते. घरी जाऊन पासपोर्ट घेईपर्यंत पावणेसात. सकाळचे विमान गाठणे अशक्य होते. त्या दिवशीच्या तिकिटाची किंमत एरवीच्या तिप्पट होती. तीन मित्रांकडून पैसे जमवून दुपारी बारा वाजता तिकीट हातात आले. संध्याकाळचे विमान चाळीस मिनिटे उशिरा, रात्री नऊ-चाळीसला उठले. नऊ तासांनी, आपल्याकडील बुधवारी दुपारी बारा-दहाला, मुंबई. बेळगावच्या विमानात जागा नव्हती, म्हणून चार तास थांबून गोव्याचे. पाच-पंचवीसला दाबोळी. तेथून फोंडा, मोले, अनमोड घाट, लोंढा या वाटेने जीप. रात्री नऊला अंगण.

बातमी कळल्यापासून साडेतेहेतीस तास. त्यांतील पंधरा तास चाळीस मिनिटे विमान उठण्यापूर्वीची होती. आम्ही जे "नऊ तास" तोंडावर फेकले होते, ते त्यांच्या वाटेचा केवळ एक तुकडा होते. कागदावर खाली एक ओळ होती : "चार वाजता दफन. तेव्हा मी मुंबईतच."

संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ फिरावयास निघालो. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आम्ही विचारले, "हे तेव्हाच का सांगितलं नाहीस?" ते म्हणाले, "दादा, तुम्ही आईला माती देऊन उभे होता. मी त्या वेळी गाड्यांच्या वेळा सांगत बसू?" आम्ही त्यांचा हात धरला व म्हणालो, "चुकलं माझं. त्या उंबऱ्यात मी तुला आधी जवळ घ्यायला हवं होतं." पन्नाशीचे आमचे बंधू त्या परक्या गावाच्या रस्त्यावर लहान मुलासारखे रडले, आणि आम्हीही.

रविवारी पुतणी पांढऱ्या पोशाखात वेदीपाशी गेली. चर्चमध्ये आयरिश, पोलिश, फिलिपिनो आणि निम्म्याहून अधिक आपल्याकडील चेहरे होते. त्यांतील प्रत्येकाचे घर कोठेतरी दूर होते, आणि बहुधा प्रत्येकाच्या उशाशी रात्री वाजू शकेल असा एक फोन होता.

परतीच्या विमानात आमच्या मनात जुन्या काळचे विचार आले. संत फ्रान्सिस झेवियर १५४१ च्या ७ एप्रिलला लिस्बनहून निघाले, ते १५४२ च्या ६ मे रोजी गोव्यास पोहोचले. तेरा महिने. त्यांतील हिवाळा मोझांबिकमध्ये वाऱ्याची वाट पाहण्यात गेला. पुढे १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्यावरील एका बेटावर त्यांचा अंत झाला. ती वार्ता युरोपात पोहोचली नव्हती. म्हणून १५५३ च्या जूनमध्ये, सहा महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावरही, संत इग्नेशियस रोममध्ये बसून त्यांना परत बोलावणारे पत्र लिहीत होते. कपाटात कुलूपबंद असलेला फोन तेव्हाही होताच म्हणावयाचा.

पुढे आगबोटी आल्या. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई-लंडन दोन-तीन आठवड्यांवर आले. १९२९ साली लंडन ते कराची ही हवाई टपाल व प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हा काही भाग रेल्वेने धरून सात दिवस लागत. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीची टपाल स्वतः विमान चालवून मुंबईस आणली. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान पस्तीस प्रवाशांसह मुंबईहून निघाले व कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० मध्ये जेट विमाने आली. तेरा महिन्यांचे आठवडे झाले, आठवड्यांचे दिवस, दिवसांचे तास. मात्र जे तास घटले ते विमानतळापासून विमानतळापर्यंतचे. घरापासून विमानतळापर्यंतची वाट, तिकिटाचे पैसे, रात्रपाळी आणि अनमोडचा घाट हे सारे आहे तेथेच आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-भावंडे आखातात, इंग्लंडात, कॅनडात किंवा जहाजांवर आहेत. म्हणून आमच्या घराला जे उशिरा कळले, ते चार शब्दांत सांगतो. परदेशी असलेल्या माणसाला "विमान किती तासांचे?" असे विचारू नका, "कामाच्या जागेपासून आपल्या अंगणापर्यंत किती तास?" असे विचारा आणि ते लिहून ठेवा. त्याच्या पाळीच्या वेळा व कामाच्या ठिकाणचा, रात्रीही उचलला जाईल असा, क्रमांक घरात असू द्या. त्याने तिकिटापुरते पैसे आणि मुदतीतील पासपोर्ट नेहमी हाताशी ठेवावा. तालुक्यातील वा जिल्ह्यातील कोणत्या रुग्णालयात मृतदेह दोन-तीन दिवस ठेवण्याची सोय आहे, ते आधीच विचारून ठेवण्यात अमंगळ काही नाही. आम्ही ते विचारले असते, तर आईला आणखी एक रात्र थांबविता आले असते. आणि यांपैकी काहीच जमले नाही व माणूस उशिरा पोहोचला, तर उंबऱ्यात हिशेब मागू नका. त्याने तो वाटेभर स्वतःशी मांडलेलाच असतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात आईच्या प्रथम स्मरणदिनाच्या मिस्सेसाठी बंधू तीन दिवस आधीच आले. आम्ही स्वतः जीप घेऊन त्यांना आणावयास गोव्यास गेलो होतो. अनमोडचा घाट चढताना अंधार पडला. घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊच वाजले होते. पत्नीने विजेरी काढून ठेवली होती. ती घेऊन आम्ही दोघेही भाऊ आईकडे गेलो.